बाळंतपणाला अडीच महिने झाले, लेकीने विळी माळ्यावर लपवली : समुपदेशन घ्यावे का, आणि कोणाकडून?

प्रश्न : बोरीकाठची शिक्षिका

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहते. मे महिन्याच्या अखेरीस जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे सिझेरियन झाले. नातू ठणठणीत आहे, अंगावर पितो, वजनही चांगले वाढते आहे. काळजी आहे ती लेकीची.

पहिल्या आठवड्यात ती कारण नसताना रडायची, तेव्हा सगळ्यांनी सांगितले की असे होतेच, आणि मलाही ते पटले. पण सव्वा महिना झाला, बाळंतिणीची खोली सुटली, तरी ती पूर्वीसारखी झाली नाही. बाळ झोपले तरी ती झोपत नाही. रात्रीतून कितीतरी वेळा उठून त्याच्या नाकाखाली बोट धरते आणि श्वास लागतो का ते पाहते. घडी केलेली लंगोटे उलगडून पुन्हा घडी घालते. ताटात काहीही वाढले तरी ‘माले काहीच गोड लागत नही’ एवढेच म्हणते. पुण्यात सहा वर्षे नोकरी करून प्रमाण मराठीत बोलणारी माझी मुलगी हल्ली त्रासाचे बोलणे तेवढे अहिराणीत बोलते, हेही माझ्या लक्षात आले आहे.

परवा मी दुधी चिरायला बसले तर विळी सापडेना. घरभर शोधली. शेवटी माळ्यावर पितळी हंड्यामागे, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली मिळाली. विचारले तर लेक थरथरू लागली. म्हणाली, “आई, मीच ठेवली. बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आले की माझ्याच हातून त्याला काहीतरी होईल, असे चित्र डोळ्यांसमोर येते. मला माझीच भीती वाटते.” मी विळी पुन्हा माळ्यावर ठेवून दिली, कारण दुसरे काय करावे ते सुचले नाही.

गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावली आणि टॉनिक दिले. शहाद्याला तिचे सासर आहे. तिकडून दृष्ट काढण्याचा निरोप आला, तीही काढून झाली. मला विचारायचे आहे ते असे. हा आजार आहे का? बाळाला तिच्याजवळ एकटे ठेवावे की मी माझ्याकडे घ्यावे? समुपदेशकाकडे जायचे की डॉक्टरांकडे, आणि औषध सुरू झाले तर अंगावरचे दूध तोडावे लागेल का? ऑक्टोबरमध्ये तिला कामावर रुजू व्हायचे आहे. सासरी ‘डोक्यावर परिणाम झाला’ असा शिक्का बसेल, ही धास्तीही आहेच. यजमान मागच्या दिवाळीत गेले, त्यामुळे घरात आम्ही दोघीच आहोत आणि सल्ल्याला कोणी नाही.

उत्तर : पारोळ्याची निवृत्त परिचारिका

ताई, लेकीने तुम्हाला खरे सांगितले, ही यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. मी अनेक वर्षे प्रसूती कक्षात काढली; असे विचार मनात घेऊन मुकाट्याने घरी गेलेल्या किती बायका माझ्या हाताखालून गेल्या असतील, हे आठवले की आता वाईट वाटते, कारण तेव्हा आम्ही विचारतच नव्हतो.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी सुरू होणारे रडू साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यापुढे टिकले, झोप, भूक आणि गोडी तिन्ही गेल्या, तर त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य किंवा चिंताविकार म्हणून तपासायलाच हवे. २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात बाळंतिणींमधले नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचांत एक, इतके आढळले होते. तुमच्या गल्लीत या वर्षी पाच बारशी झाली असतील तर हिशेब तुम्हीच करा.

प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाचे वजन, ताप, नाळ हे सगळे नीट पाहतात; पण ‘तुला कसे वाटते’ हा प्रश्न विचारला जाईल की नाही, हे त्या त्या बाईच्या स्वभावावर राहते. तुमच्याकडच्या आशाताईंना हे मोकळेपणाने सांगा, रुग्णालयातली वाट त्यांना माहीत असते. आणखी एक करा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलेली असली की छातीत धडधड, झोप उडणे, चिडचिड आणि पुढे मरगळ हे सगळे दिसू शकते, आणि ते नुसत्या बोलण्याने बरे होत नाही.

 

उत्तर : समुपदेशक, धुळे

नमस्कार काकू. मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करतो. प्रत्यक्ष न पाहता निदान करणे योग्य नाही, ते मी करणार नाही. परंतु तुम्ही विळीबद्दल जे लिहिले आहे त्याबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण नेमक्या याच ठिकाणी घरचे लोक घाबरून चुकीचा निर्णय घेतात.

बाळाला आपल्या हातून इजा होईल असे नकोसे विचार किंवा चित्रे नव्या मातांच्या मनात येणे अतिशय सर्वसामान्य आहे. बाळ हातातून पडेल, गुदमरेल, असे अपघाताचे विचार तर जवळपास प्रत्येकीला येतात. आपणच मुद्दाम काही करू की काय, असा विचारही निम्म्याच्या आसपास मातांच्या मनात कधी ना कधी डोकावून जातो, असे परदेशांतील अभ्यासांत आढळले आहे. बहुतेकींच्या मनातून तो विचार क्षणात निघून जातो. काहींच्या मनात तो अडकतो, आणि ‘असा विचार आला म्हणजे मी तशीच आहे’ अशी त्यांची समजूत होते. मग विळी लपवणे, बाळाला एकटे उचलायचे टाळणे, श्वास पुन्हा पुन्हा तपासणे सुरू होते. लपवल्याने घटकाभर बरे वाटते, पण मनाला धडा मिळतो तो असा की, विळी लपवली म्हणून बाळ वाचले, आणि भीती दुसऱ्या दिवशी आणखी मोठी होऊन येते. ज्या आईला अशा विचाराची किळस येते, जी थरथरते आणि स्वतःहून सांगते, ती त्या विचाराप्रमाणे वागण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून बाळाला तिच्यापासून काढून घेऊ नका. त्याचा अर्थ तिला एवढाच लागेल की आईलाही माझी भीती वाटते.

मात्र याच्या अगदी उलट अशी एक स्थिती असते आणि ती ओळखता यायला हवी. ती विरळा आहे, हजार बाळंतपणांमागे एखाद-दोन, आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते. त्यात बाईला झोपेची गरजच वाटेनाशी होते, बोलणे असंबद्ध होते, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, बाळ बदलले आहे किंवा त्यात काही संचारले आहे अशी तिची खात्री पटते, आणि त्या विचारांची तिला भीती न वाटता ते योग्यच वाटतात. असे काही दिसले, किंवा ती स्वतःला संपवण्याबद्दल बोलू लागली, तर सकाळची वाट न पाहता, बाळाजवळ दुसरे कोणीतरी थांबून, तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे.

कोणाकडे जायचे? पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची, म्हणजे एम.डी. झालेल्या डॉक्टरांची घ्या. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. अमळनेरहून धुळे तुम्हाला जवळ पडेल. तिथे बहुधा दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतील. एडिंबरो येथे तयार झालेली ही प्रश्नावली १९८७ सालापासून वापरात आहे; त्यात मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात आणि तीस गुणांपैकी गुण काढतात. गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नव्हे, पुढे नीट तपासावे एवढाच त्याचा अर्थ. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही आले तर बेरीज कितीही कमी असली तरी तो गांभीर्याने घेतात.

त्यानंतर बोलण्याचे उपचार. ‘समुपदेशक’ अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारायला संकोच करू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो क्रमांक मागितला तर कोणी रागावत नाही. रागावले तर दुसरीकडे जावे. तुमच्या लेकीच्या भीतीसाठी जी पद्धत वापरतात तिच्यात टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जायचे असते. आधी विळी खोलीत ठेवून नुसते बसायचे, मग बाळ पाळण्यात असताना भाजी चिरायची, मग बाळ शेजारी असताना. आणि प्रत्येक वेळी भीती चढते तशी आपोआप उतरतेही, हे तिने स्वतः अनुभवायचे. उदासीसाठी नातेसंबंधांवर आधारित एक उपचारपद्धती आहे. ती साधारण बारा ते सोळा आठवडे, आठवड्यातून एकदा अशी चालते आणि तिच्यात आयुष्यातील भूमिका बदलणे हाच एक मुख्य विषय धरलेला असतो. काल नोकरी करणारी, स्वतःच्या पगारावर जगणारी, वेळेवर झोपणारी मुलगी आज चोवीस तास आई आहे. हे बदलताना काय हातचे गेले, ते मोठ्याने बोलायला तिला कोणी परवानगीच दिलेली नसते. ‘बाळ झाले, आता आणखी काय पाहिजे’ या एका वाक्याने तिचे तोंड बंद होते.

औषधाबद्दल थोडक्यात सांगायचे तर दूध तोडावे लागेलच असे अजिबात नाही. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची काही औषधे दुधात अत्यल्प उतरतात आणि स्तनपान चालू ठेवून दिली जातात. गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून मध्येच बंद करू नका.

शिक्क्याचे म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. दाखल होण्याची वेळ आलीच, तरी तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः आईपासून वेगळे करू नये, असेही त्यात म्हटले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा स्वतंत्र कक्षच आहे. तुमच्या बाबतीत तिथवर जावे लागेल असे मला वाटत नाही.

आजच्या आज बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते.

उत्तर : केळीबागवाला

मोठ्यांचा अवमान करायचा नाही, पण प्रश्न पडतो. आमच्या आजीची नऊ बाळंतपणे झाली, तीही शेतात निंदणी करता करता. तिला कोणी समुपदेशक लागला नाही. हल्लीच्या मुली पुस्तके आणि मोबाईल पाहून घाबरतात, असे नाही का?

उत्तर : समुपदेशक, धुळे

दादा, आजीची नऊ बाळंतपणे झाली तेव्हा घरात जावा, नणंदा, आत्या मिळून सहा-सात बायका असतील, आणि बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात असेल. या घरात दोघीच आहेत, त्यातल्या एकीचे कुंकू आठ महिन्यांपूर्वी गेले आहे. आणि आजीला त्रास झाला नाही, हे तिने सांगितले होते की आपण धरून चाललो आहोत? त्या काळी अंगात येणाऱ्या, विहिरीवर जाऊन बसणाऱ्या बायकांच्या गोष्टी आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना नाव वेगळे होते, एवढेच.

उत्तर : रावेरची सून

काकू, मी या वाटेने गेलेली आहे म्हणून लिहिते. माझे बाळ चार महिन्यांचे असताना मी दूरध्वनीवरून आणि नंतर व्हिडिओवरून थेरपी घेतली. एकूण चौदा सत्रे झाली. आमचे घर एकत्र, माणसे अकरा, आणि खासगी बोलायला जागा एकही नाही. मी गच्चीवर पापड वाळत घालण्याच्या निमित्ताने जायचे आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बोलायचे. पहिली दोन सत्रे ‘आवाज येतोय का’ यातच गेली.

मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, ती भाषेची. पहिल्या ज्या बाईंशी बोलले त्या शिकलेल्या होत्या, चांगल्या होत्या, पण त्यांचे सगळे शब्द इंग्रजी होते आणि मला त्यांच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखे व्हायचे. आपल्याकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणी म्हणत नाही. करमत नाही, जीव घाबरतो, डोके जड पडते, हातपाय गळून जातात, असे म्हणतात. म्हणूनच डॉक्टर सलाईन लावतात. दुसऱ्या थेरपिस्ट जळगावच्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “जीव घाबरतो तेव्हा नेमका कुठे घाबरतो, छातीत की पोटात?” मी पाच मिनिटे नुसती रडले. तुमची लेक त्रास अहिराणीतून सांगते, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून ती भाषा समजणारे माणूस शोधा. पहिल्या व्यक्तीशी जमले नाही तर बदलण्यात काही गैर नाही, मी बदलले.

सासूबाईंना मी थेरपीच्या तिसऱ्या महिन्यात सांगितले. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी रात्री अकरा ते तीन बाळ स्वतःकडे घेतले आणि म्हणाल्या, “तू झोप, बाकीचे तुझ्या त्या मॅडमला सांग.” सलग चार तासांच्या झोपेने जो फरक पडला तो औषधाच्या तोडीचा होता. जावईबापूंना शहाद्याहून बोलावून घ्या आणि त्यांनाही डॉक्टरांसमोर बसवा. दृष्ट काढण्याचे निरोप त्यामुळे बंद होतील असे नाही, पण कमी होतील.

उत्तर : भुसावळचा निवृत्त गाडीवाला

मी रेल्वेत इंजिन चालवत होतो. बाळंतपणातले मला काही कळत नाही, त्यामुळे लेकीबद्दल लिहीत नाही. मी तुमच्याबद्दल लिहितो आहे, ताई, कारण तुम्ही स्वतःविषयी प्रश्नाच्या पहिल्या ओळींत एक आणि शेवटच्या ओळीत एक अशी दोन वाक्ये लिहून पुढे निघून गेलात.

मी निवृत्त झालो तेव्हा पहिले काही महिने पहाटे तीनला आपोआप उठायचो आणि बायकोला डबा भरायला सांगायचो. लांबून भोंगा ऐकला की कोणती गाडी, किती उशिरा, हे मनात मांडत बसायचो. नंतर मांडणेही बंद झाले, आणि ते जास्त वाईट होते. मुलगा ओढून नेऊन समुपदेशकाकडे बसवून आला. मला वाटले होते की तो उपदेश करील. त्याने विचारले की, ‘गाडी सोडून तुम्ही कोण?’ मला उत्तर देता आले नाही. सहा भेटींत आम्ही फक्त दिवसाचे वेळापत्रक बसवले. सकाळी कोणाला भेटायचे, दुपारी कोणते काम हातात घ्यायचे, आणि मन लागो न लागो, ते करायचेच. आधी मन लागेल आणि मग काम करू, असे होत नाही. आधी काम, मागाहून मन, असे त्याचे म्हणणे होते, आणि माझ्या बाबतीत ते खरे ठरले.

तुमचे यजमान दिवाळीत गेले, शाळा मे महिन्यात सुटली, मध्ये एप्रिलमध्ये बाळंतपण. आठ महिन्यांत तीन स्टेशने गेली आणि तुम्ही एकाही ठिकाणी थांबला नाहीत. लेकीला घेऊन जाल तेव्हा तुमच्या नावाचाही एक केसपेपर काढा.

पुन्हा : बोरीकाठची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मधल्या काळात बरेच काही झाले.

त्याच रात्री लेकीला तुमची उत्तरे वाचून दाखवली. निम्म्या मातांना असा विचार येतो, हे वाक्य तिने मला तीनदा वाचायला लावले. मग स्वतःच १४४१६ लावला आणि दार लोटून अर्धा तास बोलली. दोन दिवसांनी आम्ही लालपरीने धुळ्याला गेलो; जावई शहाद्याहून परस्पर तिथे आले. प्रश्नावलीत तिचे सतरा गुण आले. शेवटच्या प्रश्नाला तिने ‘कधीच नाही’ लिहिले, आणि डॉक्टरांनी तो प्रश्न तोंडीही पुन्हा विचारला. थायरॉइडमध्येही थोडा दोष निघाला आहे, त्याची तपासणी सहा आठवड्यांनी पुन्हा होईल. गोळी सुरू झाली आहे, दूध चालू आहे. समुपदेशनाची दोन सत्रे झाली. बाई साक्रीकडच्या आहेत, अहिराणी समजते. रात्री बारा ते चार नातू माझ्याकडे असतो. जावयांनी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे आणि लंगोटांच्या घड्या आता ते घालतात, फार वाईट घालतात.

भुसावळच्या भाऊंनी लिहिलेले वाचून मला राग आला होता. केसपेपर मात्र काढला. माझी वेळ पुढच्या गुरुवारची आहे.

विळी अजून माळ्यावरच आहे. ती खाली उतरवण्याचे काम लेकीने स्वतः पुढच्या आठवड्यासाठी मांडून घेतले आहे, आणि तोपर्यंत मी तिला हात लावायचा नाही, असे मला बजावण्यात आले आहे. तूर्त भाजी चाकूने चिरते. दुधी नीट चिरला जात नाही.